दाखवायचे दात

शाळेची चिठ्ठी गुरुवारी आली. रविवारी सकाळी अकरा वाजता सभागृहात भोपळ्यांचं प्रदर्शन आहे, प्रत्येक मुलानं घरी भोपळा कोरून, सजवून आणावा, विषय ‘आमच्या घरातला एक चेहरा’. खाली जाड अक्षरांत लिहिलं होतं की पालकांनी फक्त सुरी चालवायला मदत करावी, बाकी काम मुलांचं. शाळेनं जाड अक्षरांत लिहिलेलं आपल्यासाठी नसतं, शेजारच्यांसाठी असतं, असा समस्त पालकांचा समज आहे. कवळीवाल्याचाही होता.

कवळीवाला हे काही त्याचं नाव नव्हे, पण आता गल्लीत कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनही बघणार नाही. तो डॉक्टर नव्हता. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन त्याच्याकडे पाठवत आणि तो आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये बसून प्लास्टरच्या जबड्यांवर गुलाबी मेण चढवी, मेणात एकेक दात बसवी, घाशी, चमकवी. बावीस वर्षं हेच. त्याच्या हातच्या कवळ्या घालून लोक सफरचंदं खात, शेजाऱ्यांशी भांडत, एका गृहस्थानं तर त्या जोरावर सत्तरीत दुसरं लग्न केलं. अशी कीर्ती.

आणि अशा माणसाच्या सख्ख्या आईच्या तोंडात मात्र भलत्याच कुणाची तरी कवळी होती. ही गोष्ट जगात फक्त त्याला ठाऊक होती.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी आईचे उरलेसुरले दात काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईंना घेऊन या, माप घेऊ, चावा घेऊ. चावा म्हणजे गरम मेणाची पट्टी दातांच्या जागी धरून माणसाला त्यावर चावायला लावायचं. प्रत्येकाचा जबडा वेगळा मिटतो, आणि तो कसा मिटतो हे त्या मेणावर उमटतं. चाव्याशिवाय केलेली कवळी म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाचा बूट. हे तो लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगे. पण आईचं काम घरचं. घरचं काम कुठे पळून जातं? आज नेतो, उद्या नेतो, करता करता पाच महिने गेले आणि मावशीच्या घरी सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायचं ठरलं. दोन दिवस आधी आई म्हणाली, “फोटोत मी अशीच बसू का रे? बोळकं घेऊन?”

लॅबच्या फळीवर एक तयार कवळी पडून होती. कुणा आजींची. त्या न्यायला आल्याच नाहीत. का आल्या नाहीत हे त्यानं विचारलं नव्हतं. त्या वयात न येण्याचं कारण बहुधा एकच असतं. त्यानं ती कवळी इथे थोडी, तिथे थोडी घासली, नव्यासारखी चमकवली, स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि आईच्या हातावर ठेवत म्हणाला, “घे. खास तुझ्यासाठी.”

खरी कवळी पुढच्याच महिन्यात करायची, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. तो पुढचा महिना चार वर्षांत आला नव्हता. आई फोटोत हसली. भेटेल त्याला सांगत सुटली, “माझ्या लेकानं केलीय.” त्यानंतर ती सफरचंद अगदी पातळ चिरून खायला लागली, मग शिजवून खायला लागली, मग म्हणाली, मला आवडतच नाही. त्याला कळत होतं, आणि कळू द्यायचं नव्हतं. टोचते का गं, एवढंच विचारायचं होतं. पण विचारलं तर ती उत्तर देणार, आणि उत्तराच्या मागोमाग बाकी सगळं बाहेर येणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तर भोपळा. शनिवारी सकाळी त्यानं बाजारातून चांगला घागरीएवढा भोपळा आणला, खाली बूड सपाट असलेला, डुगडुगणार नाही असा. लेकीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुने पेपर अंथरले. लेक नऊ वर्षांची. तिचे पुढचे दोन दात नवे आणि चेहऱ्याच्या मानानं बरेच ऐसपैस, म्हणून घरात तिला सगळे खार म्हणत.

“वरची टोपी सरळ कापायची नाही,” कवळीवाला म्हणाला. “सुरी तिरकी धरायची, आतल्या बाजूला. सरळ कापलीस तर टोपी आत पडेल.”

“माहितेय, बाबा.”

“आणि आतून खरवडताना तोंडाच्या बाजूची भिंत बोटभर जाड ठेव. फार पातळ केलीस तर उद्यापर्यंत चेहरा सुकून आत जाईल.”

“माहितेय. बाईंनी सांगितलंय.”

“चमचा असा धर. असा नाही, असा.”

“चिठ्ठीत काय लिहिलंय?” खार म्हणाली.

“विळ्याभोपळ्याचं नातं ऐकलं होतं,” दारात उभी असलेली बायको म्हणाली, “बापलेकीचं आजच बघतेय. अहो, करू द्या की तिचं तिला.”

तो हात धुवायला गेला. खारीनं आतला गर आणि दोऱ्या खरवडून काढल्या, बिया परातीत टाकल्या. आजी खिडकीपाशी खुर्चीत बसून बिया निवडत होती आणि नात तिच्याकडे बघून भोपळ्यावर पेननं चेहरा काढत होती. न्हाणीघरापर्यंत दोघींचं खिदळणं ऐकू येत होतं. तो परत आला तेव्हा आजीनं ओठ घट्ट मिटले होते आणि मान खाली घालून ती बिया निवडत होती.

दुपारपर्यंत चेहरा कोरून झाला आणि तो बघून कवळीवाल्यानं मनातल्या मनात लेकीची पाठ थोपटली. सुरकुत्या तिनं आरपार कापल्या नव्हत्या. फक्त वरची साल सोलली होती, त्यामुळे आत दिवा ठेवला की त्या पिवळ्या उजळत. तारेचा चष्मा वाकवून नाकावर बसवला होता, पांढऱ्या लोकरीचा अंबाडा टोपीवर चिकटवला होता. डाव्या गालावरचा तीळसुद्धा होता, मिऱ्याचा. आजीच. आणि तोंड? तोंड म्हणजे मोठ्ठं, आत ओढलेलं, खळखळून हसणारं एक भोक.

“दात कोरायचे राहिले का गं?” त्यानं विचारलं.

“नाही. दात नाहीतच.”

“नाहीत कसे?”

“आजी हसते ना, तेव्हा अशीच दिसते.”

“काहीतरीच काय? आजीला दात आहेत. मी स्वतः केलेत. कवळीवाल्याची आई बोळकी दाखवलीस तर लोक काय म्हणतील? उद्या माझ्याकडे कोण येईल?”

खारीनं आजीकडे पाहिलं. आजीनं अगदी हळूच, हललीय की नाही अशी, नकाराची मान हलवली. खारीनं भोपळा जवळ ओढला. मग म्हणाली, “बाबा, माझा भोपळा आहे.”

“हो बाई, तुझाच,” तो हसून म्हणाला.

हसला खरा, पण ते भोक त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. जेवताना हलेना, टीव्ही बघताना हलेना. रविवारी सकाळी सहालाच तो उठला. कुणी विचारलं असतं तर म्हणाला असता, लेकीला बक्षीस मिळावं म्हणून. तसं तो स्वतःलाही म्हणालाच. खरं एवढंच होतं की ते उघडं, दात नसलेलं तोंड टेबलावरून त्याच्याकडे बघत होतं आणि त्याला ते बुजवायचं होतं.

लॅबमधून उरलेसुरले दात तो घरी एका डबीत ठेवत असे. त्यानं मेणबत्तीवर सुरी तापवली, गुलाबी मेण वितळवलं, भोपळ्याच्या कापलेल्या कडेवर आतून हिरडी चढवली, वर आणि खाली. मग एकेक दात. पुढचे दोन किंचित एकमेकांवर चढलेले, म्हणजे खरे वाटतात. सुळे जरा पिवळट छटेचे. कामात तो रंगून गेला, शीळही घातली त्यानं. माप नको, चावा नको. भोपळा कुठे काही चावणार होता?

साडेआठला खार उठून आली. तिनं भोपळ्याकडे पाहिलं. रडली नाही. रडली असती तर त्याला समजूत घालता आली असती.

“काढ ते.”

“अगं, बघ तर खरी, कसे मस्त—”

“काढ.”

“आता वेळ नाही राहिला. आणि निघाले तर हिरडी फाटेल. सगळे बघतच राहतील, बघ तू.”

“चिठ्ठी वाचली होती ना तुम्ही?” बायको म्हणाली आणि लेकीला केस विंचरायला घेऊन गेली. आई आली, तोंडावर हात ठेवून भोपळ्याकडे बघत राहिली. “छान केलंस रे,” ती हाताआडून म्हणाली आणि लगबगीनं आपल्या खोलीत गेली.

सभागृहात चाळीसेक भोपळे मांडले होते. एका भोपळ्याला बूट पुसायच्या ब्रशची मिशी होती, तो कुणाचा तरी बाप. एकाच्या तोंडात चोखणी, तो धाकटा भाऊ. एकाला नुसता गोल चेहरा आणि दोन भोकं. पोरगं सांगत होतं, हे काका, ते कधी काही बोलतच नाहीत. पण गर्दी होती ती कवळीवाल्याच्या भोपळ्याभोवती. लोक वाकून वाकून बघत होते, फोनवर फोटो काढत होते.

“अहो, दात अगदी खरे वाटतात!”

“खरेच आहेत,” कवळीवाला म्हणाला. “म्हणजे, आपल्याच लॅबचे.” छाती जरा पुढे आली होती. मागे आई आणि बायको उभ्या होत्या. खार टेबलापासून चार हात दूर, पाठीमागे हात बांधून.

वर्गाच्या बाई आल्या. त्यांनी चष्मा सारखा केला, भोपळा निरखला आणि प्रेमानं विचारलं, “कोण गं ही?”

“माहीत नाही,” खार म्हणाली.

लोक हसले.

“अगं, आजी ना तुझी? तीळ बघ, अंबाडा बघ.”

“बाकी आजी आहे. दात आजीचे नाहीत. ते दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत.”

कवळीवाल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पोरीला काय ठाऊक असणार? काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पण खाई त्याला खवखवे. सगळ्या सभागृहाला ते वाक्य नेमकं कळलं आहे, असंच त्याला वाटलं आणि तो नको तेवढ्या मोठ्यानं खेकसला, “खार! नीट सांग बाईंना! आजीचेच दात आहेत ते!”

“नाहीत!” आता तिचाही आवाज चढला. “आजी दात घालतच नाही! तू लॅबला गेलास की डबीत काढून ठेवते आणि तुझ्या स्कूटरचा आवाज आला की घालते! तिला टोचतात ते! रक्त येतं!”

मिशीवाल्या भोपळ्याचा बाप दुसरीकडे बघू लागला. सगळ्यांच्या नजरा आधी कवळीवाल्याकडे, मग त्याच्या मागे वळल्या.

आई घाईघाईनं पुढे आली. “नाही हो,” ती बाईंना म्हणाली, “पोर आहे, काहीतरी बोलते. कवळी उत्तम आहे. मलाच सवय—” आणि बोलता बोलता वरची कवळी सुटून खालच्यावर आपटली. टक्. एक लहान मुलगा हसला. त्याच्या आईनं त्याला चिमटा काढला, तो आणखी हसला. कवळीवाल्याच्या आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती जमिनीकडे बघत उभी राहिली. तिची मान, तिचे कान लाल झाले होते. लबाडी त्यानं केली होती आणि लाज ती वाटून घेत होती.

बक्षीस कुणाला मिळालं हे बघायला ते थांबले नाहीत. भोपळा मांडीवर घेऊन तो रिक्षात बसला. घरी आल्यावर खारीनं भोपळा त्याच्या हातातून घेतला, स्वयंपाकघरात नेला आणि चमच्यानं एकेक दात उकरून वाटीत टाकू लागली. त्या टणटण आवाजात तो बाहेरच्या खोलीत बसून राहिला. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात तेव्हा तो आजवर हसत असे.

मग उठून आईच्या खोलीत गेला. ती पलंगाच्या कडेवर बसली होती.

“आई, इकडे खिडकीपाशी ये. कवळी काढ. बघू दे मला.”

“काय बघायचंय त्यात? म्हाताऱ्या माणसाचं तोंड ते.” ती जागची हलली नाही. “पोरीवर रागावू नकोस हं. मीच तिला शपथ घातली होती, बाबांना सांगू नकोस म्हणून. तुला वाईट वाटलं असतं. तू एवढी मेहनत करून केलीस आणि मी ती नीट वापरत नाही.”

“आई. ये.”

ती आली. खिडकीच्या उजेडात तिनं कवळी काढून हातात धरली आणि लहान मूल औषधाला उघडतं तसं तोंड उघडलं. हजारो जबडे त्यानं प्लास्टरमध्ये पाहिले होते. स्वतःच्या आईच्या तोंडात तो पहिल्यांदाच बघत होता. डावीकडे हिरडीवर लालभडक चट्टा होता. उजवीकडे कातडी जाड होऊन घट्टा पडला होता, नवा बूट चावून टाचेला पडतो तसा. चार वर्षांचा घट्टा.

“आई, ही कवळी तुझी नाही.”

“म्हणजे?”

“दुसऱ्या कुणाची तरी होती. त्या न्यायला आल्या नाहीत. मी घासली, पॉलिश केली आणि तुला दिली. खास तुझ्यासाठी केली म्हणालो, ते खोटं होतं. तुझं माप कुणी घेतलं होतं का? मेणावर चावायला लावलं होतं का कुणी तुला? नाही ना? मला वेळ नव्हता. म्हणजे वेळ होता. मी काढला नाही. आणि नंतर सांगायची लाज वाटली.”

बोलून तो थांबला. तिनं दोन थोबाडीत द्याव्यात, रडावं, निदान ‘अरे, मी तुझी आई ना रे?’ एवढं तरी म्हणावं, म्हणून वाट बघत राहिला. आई हातातल्या कवळीकडे बघत होती. मग तिनं मान वर केली.

“म्हणजे माझ्या तोंडात काही खोट नाही?”

“काय?”

“माझं तोंड. जबडा. वाकडा नाही ना?”

“नाही गं.”

“नक्की? नीट बघ हं.”

“अगदी सरळ आहे, आई. चांगला जबडा आहे तुझा.”

“अगं बाई!” ती पलंगावर बसली. “मला वाटायचं, हा एवढ्या लोकांना करतो, सगळ्यांना बसतात, सगळे नाव काढतात. मला एकटीलाच बसत नाही, म्हणजे माझंच तोंड वाकडं. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून हनुवटी दाबायची रे मी, या बाजूनं, मग त्या बाजूनं. म्हटलं, दाबून दाबून येईल ताळ्यावर. डॉक्टरीणबाईंकडे जायचीसुद्धा लाज वाटायची. लेक असा कारागीर आणि आईचं तोंड हे असं!”

आणि ती हसली. मोकळं, खळखळून, ओठ आत ओढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हे हसू त्यानं चार वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्याला त्या हसण्याकडे बघवेना.

“आई, अगं, रागाव तरी.”

“थांब, थांब, ताईला सांगते.” तिनं उशीखालचा फोन काढला आणि आपल्या थोरल्या बहिणीला लावला. दातांशिवाय बोलताना तिचे शब्द थोडे फुसफुसत होते, पण भराभर येत होते. “ताई, ऐक ना! माझं तोंड चांगलं आहे! हो, अगदी सरळ. लेकानंच बघून सांगितलं आत्ता. अगं, मी तुला म्हणत नव्हते का, लहानपणी पडले होते जिन्यावरून, तेव्हापासूनच वाकडं असेल? तसं काही नाहीच! ती कवळीच दुसरीची होती. हो ना! त्याच्याकडे केवढी गर्दी असते कामाची, तुला ठाऊक आहे. झाली अदलाबदल. चुकून.”

तो पलंगाजवळ उभा होता. “चुकून नाही, आई,” तो म्हणाला.

ती फोनमध्येच बोलत राहिली.

“आई, चुकून नाही,” तो मोठ्यानं म्हणाला. “मी मुद्दाम दिली. मला माहीत होतं. मावशीला सांग, मला माहीत होतं.”

आईनं फोन कानाला तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. पलीकडून मावशीचं “काय म्हणतोय गं तो?” त्यालाही ऐकू आलं.

“काही नाही गं,” आई म्हणाली. “तेच म्हणतोय तो. चुकून झालं.”